वर येणारी गाडी

नऊ वर्षं मी माझ्या ट्रकमधून माणसं लढाईला पोचवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी पहिल्यापासून कुणी भला माणूस होतो असा गैरसमज नको.

ट्रक माझा स्वतःचा. गाव डोंगरात, रस्ता संपतो तिथे. खाली रेल्वेच्या शहरात उतरायला सहा तास लागतात. गावात पूर्वी लोकरीची गिरणी होती आणि तिच्या भोंग्यावर लोक घड्याळं लावायचे. मग मालक वारले, मुलं परदेशी स्थायिक झाली आणि एका सोमवारी भोंगा वाजलाच नाही. चार-पाच वर्षांत गावाची रया गेली. पाववाल्याने दोनपैकी एक भट्टी विझवली. शिंप्याकडे फक्त ठिगळं लावायला कपडे यायचे. सुताराकडे तर तेही नाही. आणि अशा वेळी वर्षातून दोनदा भरतीवाला यायला लागला.

लढाई आमची नव्हती. ती चालली होती लांब, दोन देश ओलांडून. कधी थांबायची, कधी पुन्हा पेटायची. कोण कुणाशी आणि कशापायी, हे गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण तिकडे माणसं कमी पडत होती आणि इकडे माणसांना काम नव्हतं. एवढं जुळल्यावर बाकीच्या चौकशा कोण करतो? भरतीवाला शाळेच्या एका वर्गात टेबल टाकून बसायचा, बाहेर रांग लागायची, आणि संध्याकाळच्या गाडीला पोरं पोचवायचं काम माझं. भाडं चांगलं मिळायचं. ट्रकच्या हौद्यात पोरं गाणी म्हणत बसायची. पहिली सात-आठ वळणं. मग गप्प व्हायची.

चौथ्या वर्षी माझ्या ताईचा थोरला गेला. माझ्याच गाडीतून. भाचा म्हणून मी त्याला केबिनमध्ये शेजारी बसवला, वाटेत दोनदा चहा पाजला. आठ महिन्यांनी त्याचं मनगटी घड्याळ आलं आणि सोबत एक छापील पत्र. ते पाकीटही मीच वर आणलं, साबणाच्या खोक्यांबरोबर.

ताई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने पाकीट फोडलं, वाचलं, बादलीत उरलेले कपडे एकेक करून झटकून दोरीवर टाकले, आणि मला म्हणाली, "जेवून जा."

मी जेवलो नाही. पळालो म्हणा ना. पुढे कित्येक महिने तिच्या गल्लीवरून जाताना मी मान वर करत नसे. पण दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडी तिचा निरोप यायचा, "बटाटे उकडलेत, ये." शेवटी गेलो. भावोजी गिरणी बंद पडायच्या आधीच वारले होते. घरात आता ती आणि तिचा धाकटा, दोघंच. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेव्हा वाटायचं, हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आज वाटतं, तिने दार लावून घेतलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

असाच एकदा जेवत होतो. ताईने माझ्या ताटात मीठ वाढलं आणि विचारलं, "खाली जाताना तुझ्या गाडीत काय असतं ते मला माहीत आहे. वर येताना काय असतं रे?"

"असतं की. हे मीठ, साबण, बिस्किटं, चपला. थंडीच्या तोंडावर ब्लँकेटं."

"कसली ब्लँकेटं?"

"लोकरीची. बऱ्यापैकी असतात."

"कुठल्या लोकरीची?"

मला हसू आलं, कारण उत्तर मला पाठ होतं. "आपल्याच मेंढ्यांची असणार. कातरणी झाली की व्यापारी पोती उचलतो. तीही मीच तर नेतो खाली."

ताई हसली नाही. "म्हणजे लोकर खाली जाते, पोरं खाली जातात. आणि वर येतं काय? आपलीच लोकर, दुप्पट भावाने. आणि घड्याळं."



दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिटरकाकांच्या दारात उभी. काकांनी गिरणीत उभी हयात काढली होती. यंत्रांच्या आवाजात त्यांचे दोन्ही कान गेले होते, त्यामुळे त्यांच्याशी बोललेलं सगळ्या आळीला कळायचं. ताई ओरडून विचारत होती, "काका, पिंजण यंत्र पुन्हा चालेल का?" आणि शेजारपाजारचे लोक खिडक्यांत येऊन ऐकत होते. काका म्हणाले, "चालेल की! का नाही चालणार?" आणि आत जाऊन गिरणीची किल्ली घेऊन आले. गेली सगळी वर्षं दर रविवारी हा म्हातारा मागच्या दाराने आत शिरून यंत्रांना तेल देत होता!

"काका, हे कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असेल तर मला ऐकू आलं नाही."

शाळेच्या मुख्याध्यापिकांना गावात सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंनी मालकांच्या पत्नीला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी कापऱ्या अक्षरात उत्तर आलं: "यंत्रं उभ्या उभ्या गंजून मरण्यापेक्षा चालून चालून मरू देत. गावाने गिरणी वापरावी. किल्ली फिटरकडे आहे, हे मला माहीत आहे." खाली सही आणि तारीख. ते पत्र आजही गिरणीच्या भिंतीवर काचेत लावलेलं आहे.

सुरुवात काही फार मोठ्या थाटाची नव्हती. ताई, काका, गिरणीत पूर्वी काम केलेल्या सहा बायका आणि शिंपी. मेंढपाळांनी निम्मी लोकर व्यापाऱ्याला दिली आणि निम्मी आमच्या विश्वासावर सोडली. इंजिन सुरू झालं तेव्हा गिरणीच्या छपरातली कबुतरं जी उडाली ती दोन दिवस परतली नाहीत. पंधरा दिवसांनी पहिलं ब्लँकेट तयार झालं. त्याला मेंढीचा असा काही वास होता की ते बघायला आलेल्या बाई तासभर शिंकत राहिल्या, आणि शिंपी ते खांद्यावर टाकून घरी निघाला तर गल्लीतली तीन कुत्री त्याच्या मागे लागली. लोक महिनाभर त्याला विचारत होते, "काय शिंपीमामा, कळप कसा आहे?"

पण त्या वासाने आम्हाला शिकवलं. लोकर कोमट पाण्यात धुवायची, पिळायची नाही, नुसती दाबायची, तीन पाणी पालटायची आणि सावलीत वाळवायची. ताईचे हात त्या साबणाच्या पाण्याने सोलून निघाले. सहावं ब्लँकेट मात्र असं जमलं की पाववाल्याची म्हातारी आई ते पांघरून बघते म्हणाली आणि परत द्यायलाच तयार होईना. पाववाला ओशाळला. म्हणाला, "आता हे राहू दे. त्याबदली गिरणीत काम करणाऱ्यांचा सकाळचा पाव माझ्याकडून."

तिथून चाक फिरलं. बाईंनी शाळेचे स्वेटर बाहेरून मागवणं बंद केलं. लोकरीचा जो चुरा उरायचा त्याचा दाबून कापडासारखा घट्ट नमदा करून चपलेत घालायचे जाड तळवे व्हायला लागले, तेव्हा चपला शिवणाऱ्याला दोन माणसं हाताखाली घ्यावी लागली. काकांनी काढून दिलेल्या आकृतीवरून सुताराने तीन नवे हातमाग केले. दर सोमवारी सकाळी गिरणीच्या जुन्या कँटीनमध्ये सभा व्हायची. जो राबतो तो बोलणार आणि जो बोलतो त्याचं ऐकलं जाणार, एवढा एकच नियम. भांडणं? विचारू नका. एकदा धाग्याच्या जाडीवरून दोन जावा तीन आठवडे एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण रोज एकाच मागावर बसत होत्या. ताई म्हणायची, "भांडू देत. भांडायला का होईना, गावातच आहेत."

आणि मी? मी अजून भरतीवाल्याचं भाडं घेतच होतो. खोटं कशाला सांगू? ट्रकला टायर लागतात, डिझेल लागतं. पण रांग आखडत चालली होती. गिरणी पुन्हा चालू झाल्याच्या पहिल्या वर्षी चाळीसजण गेले, दुसऱ्या वर्षी सव्वीस, मग अकरा. तिसऱ्या वर्षीच्या दुसऱ्या भरतीला भरतीवाला शाळेत टेबल टाकून सकाळपासून बसला. दुपारपर्यंत दोन वेळा त्याने पेन्सिलीला टोक काढलं. वर्गाबाहेर एक शेळी तेवढी येऊन गेली.

साडेतीनला एकजण आला. ताईचा धाकटा.

त्याचं आणि आईचं आठ दिवसांपासून वाजत होतं, हे मला नंतर कळलं. तो बावीस वर्षांचा, हाताला यंत्राची जात्याच समज. काकांनी त्याला किती वेळा बोलावलं असेल. पण त्याच्या डोक्यात राख. लोकर धुणं हे त्याच्या लेखी बायकांचं काम. शिवाय थोरल्याचं घड्याळ त्याच्याच मनगटावर होतं. तो म्हणायचा, "दादा गेला, आणि मी इथे मेंढ्यांचे केस विंचरत बसू?"

मी गाडी घेऊन थेट ताईकडे गेलो. "ताई, मी त्याला नेणार नाही. गाडी बिघडली म्हणून सांगतो."

ती गिरणीत माग लावत होती. तिने हातातला धागा सोडला नाही. "मग तो चालत जाईल. ने त्याला. ओढून ठेवलेला माणूस घरात असून नसतो." मग म्हणाली, "आणि ती नव्वद ब्लँकेटं शहरातल्या इस्पितळाला पोचवायची आहेत ना? उद्या तशीही तुझी खेप आहे. एकाच फेरीत दोन्ही होतील."

मला वाटलं, ही बाई दगडाची आहे की काय. वळलो तेव्हा दिसलं, एकच धागा ती चौथ्यांदा ओवत होती आणि तो चौथ्यांदा हुकला होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला निघालो. केबिनमध्ये मी, मध्ये भरतीवाला, खिडकीशी धाकटा. मागे हौद्यात ताडपत्रीखाली नव्वद ब्लँकेटं. गाणी नाहीत, काही नाही. भरतीवाला नेहमीचा बडबड्या माणूस, पण त्या दिवशी म्हणाला फक्त एवढंच, "पन्नास माणसांचा आकडा दिलाय मला वरून. पन्नास! आणि मी नेतोय एक." मी गिअर बदलला. मला त्याची कीव आली आणि कीव आली याचा रागही आला.

शहरात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. इस्पितळ स्टेशनच्या अलीकडेच. भरतीवाला उतरला. "मी स्टेशनवर चहा घेतो. तासाभरात या. गाडी सहाची आहे." नाव लिहिलेला कागद त्याने खिशात थोपटला आणि गेला.

मी आणि धाकट्याने ट्रकचा मागचा फाळका पाडला आणि गठ्ठे उतरवायला लागलो. तिथल्या मेट्रन म्हणजे ठेंगण्या, जाड चष्म्याच्या बाई. त्यांनी एक ब्लँकेट उलगडलं, गालाला लावलं आणि म्हणाल्या, "हे यंत्राचं नाही वाटत."

"निम्मं यंत्राचं, निम्मं हाताचं," धाकटा पटकन म्हणाला. मग घाईने पुढचा गठ्ठा उचलला.

"वर तिसऱ्या मजल्यावर न्या. तिथे गारठा फार आहे आणि माणसं काही उठून चालणारी नाहीत."

तिसऱ्या मजल्यावरचा हॉल लढाईतून आलेल्यांचा होता. मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी त्या इमारतीसमोरून जात होतो आणि वर काय आहे हे कधी विचारलं नव्हतं. दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा. फिनेलचा वास. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी नुसतं छताकडे बघत होतं. आम्ही खाटेखाटेवर ब्लँकेट ठेवत निघालो. अकराव्या की बाराव्या खाटेशी धाकटा थांबला. त्याच्या हातातला गठ्ठा खाली पडला.

"शिट्ट्या?"

आमच्या सुताराचा मुलगा. लहानपणापासून हा जागेपणी शिट्टी वाजवत असायचा म्हणून हे नाव. दीड वर्षापूर्वी माझ्याच गाडीतून गेलेला. दर महिन्याला त्याचं घरी पत्र यायचं, सुतारीणकाकू ते सगळ्यांना वाचून दाखवायच्या. मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, लवकरच बढती मिळेल. चादरीखाली त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंतच होता.

मग धाकटा खाटेच्या कडेवर बसला.

"तू लिहिलंस मजेत आहे."

"मग काय लिहू?" शिट्ट्या म्हणाला. "आईने ते पत्र अख्ख्या गल्लीत फिरवलं असतं."

"किती दिवस झाले?"

"पाच महिने. जखम भरलीय. कुबड्यांवर चालतो मी. मेट्रनबाई रोज म्हणतात, घरी जा, ही खाट दुसऱ्याला हवी आहे." तो भिंतीकडे बघत होता. "घरी जाऊन काय करू? बाबांना मीच होतो कामाला. एका पायावर रंधा कसा मारणार? दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची कीव झेलू?"

धाकटा थोडा पुढे सरकला. आणि मग तो जे बोलायला लागला ते ऐकून मी हातातली ब्लँकेटं तशीच धरून उभा राहिलो.

"अरे, बसून करायचं काम ढीगभर आहे. पिंजणाला बसायचं असतं. मागाला बसायचं असतं. तुझ्या बाबांनी तीन माग केलेत, माहीत आहे का तुला? त्यातल्या दोन मागांची फळी वाकडी आहे, तुझ्याशिवाय ते बघणार कोण? फिटरकाका दिवसभर ओरडतो, पण त्याला ऐकू येत नाही, म्हणजे आपणही त्याच्यावर ओरडू शकतो, फुकटात. सकाळी पाववाल्याचा गरम पाव येतो. आता तर म्हणे नव्या इंजिनाला पट्टा बसवायचाय, तो म्हाताऱ्याला एकट्याला कसा झेपेल? त्याचे हात थरथरतात. तिथे कुणीतरी..." आणि तो थांबला.

शिट्ट्याने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "तू काम करतोस तिथे?"

धाकट्याचा चेहरा लाल झाला. "नाही," तो म्हणाला. "मी भरतीला चाललोय. सहाच्या गाडीने."

शिट्ट्या हसला नाही की चिडला नाही. त्याने फक्त पायावरचं नवं ब्लँकेट वर ओढलं, त्याची कड बोटांत धरून बघितली आणि विचारलं, "हे कुणी विणलं?"

"ही गाठ आईची आहे," धाकटा म्हणाला. "ती कडेला अशी दुहेरी गाठ मारते." एवढं म्हणून त्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या शिपायाने त्याच्यासमोर आपला पाण्याचा पेला धरला.

उरलेली ब्लँकेटं मी एकट्याने वाटली. परत आलो तर धाकटा उभा होता. "मामा," तो म्हणाला, "गाडीत जागा आहे ना?"

"वर जाताना माझ्या गाडीत माणसांना नेहमीच जागा असते," मी म्हणालो.

मेट्रनबाईंनी अर्ध्या तासात कागद केले. एवढ्या झटपट कागद होताना मी कुठल्याच इस्पितळात बघितलं नाही. जाताना त्यांनी शिट्ट्याला एक जोड जास्तीच्या कुबड्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढच्या थंडीला दोनशे लागतील. आणि इथे अजून चौघं आहेत, जे घरी 'मजेत' आहेत. तुमच्या वाटेवरच्या गावांतले. त्यांच्याशीही बोलता का?"

पण आधी स्टेशन उरलं होतं. मी म्हणालो, "तू बस गाडीत, मी सांगून येतो." धाकटा म्हणाला, "नाही. नाव मी दिलंय, खोडायलाही मीच जाणार."

भरतीवाला फलाटावरच्या बाकावर बसला होता. रिकामा कप शेजारी. धाकट्याने त्याच्यासमोर उभं राहून सरळ सांगितलं, "मी येत नाही. माझं नाव खोडा."

मला वाटलं, आता हा शिपायाला हाक मारणार, सहीचा धाक घालणार. त्याने कागद बाहेर काढला, चष्मा लावून उगाचच वाचला. मग माझ्यामागे, कुंपणापलीकडे उभ्या ट्रकच्या केबिनकडे बघितलं. खिडकीत शिट्ट्या बसला होता. भरतीवाल्याने त्याला ओळखलं. ओळखणारच. दीड वर्षापूर्वी त्याचं नाव त्यानेच लिहून घेतलं होतं.

"वाटेत गाडी थांबली तेव्हा पळाला, असं लिहितो," तो म्हणाला. त्याने कागदाचे चार तुकडे केले आणि ते कपात टाकले. "आणि तुम्ही, ड्रायव्हर, पुढच्या वेळी तुमची गाडी नको आम्हाला."

"मी हेच सांगायला आलो होतो," मी म्हणालो.

तो सहाच्या गाडीत एकटाच चढला. चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. पण त्याने त्या दिवशी जे केलं त्याचे उपकार मी मानतो. त्याला तसं करायची काही गरज नव्हती.

रात्र घाटाखालच्या धर्मशाळेत काढली आणि सकाळी नऊच्या सुमाराला वर पोचलो. सोमवार होता. सगळं गाव गिरणीत. मी गाडी फाटकातून आत घेतली तेव्हा सुतारीणकाकू पुढेच होत्या, लोकर वाळत घालत. आधी त्यांना मुलगा दिसला. मग कुबड्या दिसल्या. त्यांनी हातातली लोकर टाकली, धावत आल्या आणि त्याला उतरूही देईनात, केबिनच्या पायरीवरच त्याच्या कमरेला मिठी घातली. "लबाडा," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "लबाडा, मजेत आहेस होय रे?" सुतार मागे उभा होता. त्याने मुलाचा पाय बघितला, मग कुबडी हातात घेऊन तिचं लाकूड नखाने तपासलं आणि म्हणाला, "हे काय लाकूड आहे? मी नवी करतो." आणि रडायला लागला.

ताई कँटीनच्या दारात आली होती. धाकटा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. शेवटी काकाच आतून ओरडले, "आला का तो? पट्टा लावायला पकड घेऊन ये म्हणावं!" आणि धाकटा आत पळाला. ताईने पदराने तोंड पुसलं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. माझ्या आलं.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. भरतीचं टेबल आमच्या गावात पुन्हा लागलं नाही. सगळे राहिले असंही नाही. दोघंजण नंतर चालत खाली गेले; त्यातला एक परतला. लढाई अजून चालू आहे, असं रेडिओ सांगतो. ती काही आमच्यामुळे थांबली नाही. पण तिला आमच्याकडून माणसं मिळत नाहीत. वाटेवरच्या गावांतल्या त्या चौघांनाही आम्ही घरी आणलं, आणि त्यातल्या एकाच्या बायकोने तिथे मधाचं काम सुरू केलंय. तिला मागच्या वर्षी बरण्यांची झाकणं लागत होती, ती आमच्याकडच्या पत्रेवाल्याने केली. पलीकडच्या खोऱ्याशी आमचं गवताच्या कुरणावरून आजोबांच्या काळापासूनचं वैर. आता त्यांची लोकरही आमच्याकडे पिंजायला येते. गेल्या साली कुरणावरून पुन्हा ठिणगी पडली, पण दोन्हीकडची पोती गिरणीत एकमेकांना खेटून पडलेली. काठ्या उचलल्या तर कुणाची लोकर कोण पिंजणार? सोमवारच्या सभेत ते लोक आले, दोन तास भांडले, पाव खाल्ला आणि कुरणाचे दिवस वाटून घेऊन गेले.

माझा ट्रक आता गिरणीचाच आहे म्हणा. खाली माल जातो, वर डिझेल, रंग आणि कधीकधी माणसं येतात.

परवा सभा ऐन रंगात होती. नव्या ब्लँकेटांना तांबडी किनार लावायची की निळी, यावर सगळी गिरणी दोन तट पाडून बसली होती. शिट्ट्या टेबलावर कुबडी आपटून निळीच्या बाजूने बोलत होता, धाकटा तांबडीच्या. मी उठून बाहेर आलो. ताई पायरीवर उन्हाला बसून लोकरीतले काटे वेचत होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते एकदाचं बोलून टाकलं.

"ताई, तू तेव्हा मला जेवायला बोलावत राहिलीस. तू दार लावलं नाहीस. मी तुझा जन्माचा ऋणी आहे."

ती काटे वेचत राहिली. मग म्हणाली, "दार लावलं असतं तर मी आत कोणाबरोबर बसले असते? मलाही कुणी तरी हवंच होतं ना रे." तिने मांडीवरची निवडलेली लोकर माझ्या ओंजळीत ठेवली. ऊन लागून ती गरम झाली होती. "मला विचारशील तर किनार तांबडीच बरी. जा, आत जाऊन सांग त्यांना. माझं नाव घेऊ नकोस."

मी आत गेलो आणि तिचं नाव न घेता सांगितलं. कुणीही ऐकलं नाही.